पिवळ्या फुलांची ‘जंगली स्ट्रॉबेरी’ गोड का होत नाही?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. गंगापूर रोडच्या एका नर्सरीतून ‘जंगली स्ट्रॉबेरी’ म्हणून टांगती कुंडी आणली. रोप छान पसरलं, पिवळी फुलं आली, लालभडक फळंही धरली, पण तोंडात टाकलं तर चवच नाही, नुसतं पाणी. मनालीला देवदारांच्या जंगलात वाटेकडेला अशीच बारकी लाल फळं तुम्ही खाल्ली होती आणि ती गोड, घमघमणारी होती. म्हणून तुम्ही चार गोष्टी विचारल्यात: खत कमी पडतंय की नाशिकच्या उन्हाने चव जाते? मुलीने कुंडीतली दोन-चार फळं खाल्ली, ती विषारी तर नाहीत? मनालीचं झाड आणि हे झाड एकच का? आणि हीच रोपं सुरगाण्याला मामांच्या स्ट्रॉबेरीच्या बांधावर लावली तर संकर होऊन त्यांचं फळ बिघडेल का?

मी नाशिकमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवते. सुरगाणा-कळवण भागातल्या स्ट्रॉबेरी लावणाऱ्या शेतकऱ्यांकडेही माझं जाणं-येणं असतं, त्यामुळे चारही प्रश्न माझ्या रोजच्या कामातले आहेत.

आधी मुलीचं. तुमच्या फोटोत फूल पिवळं आहे, पानं तीन-तीन पर्णिकांची (म्हणजे छोट्या पानांची) आहेत आणि फळ वर तोंड करून उभं आहे. ही पोटेंटिला इंडिका. तिचं फळ विषारी नाही, बेचव आहे इतकंच. तेव्हा काळजी सोडा. दोन गोष्टी मात्र पाहा. शोभेच्या झाडांवर नर्सरीत कीडनाशकं फवारलेली असतात, आणि ती खाण्याच्या पिकावर मारायची नसतात. त्यामुळे नवीन आणलेल्या कुंडीतलं फळ पहिले काही आठवडे कोणीच खाऊ नये. दुसरं, मुलीला ‘लाल फळ म्हणजे स्ट्रॉबेरी’ अशी सवय लागू देऊ नका. आपल्याच टेकड्यांवर लालचुटूक गुंजा असतात आणि त्यांचं बी चावलं गेलं तर जिवावर बेतू शकतं. ‘विचारल्याशिवाय तोंडात घालायचं नाही’ हा नियम सहा वर्षांच्या मुलीला नीट कळतो. घरातल्या निरुपद्रवी झाडावरच तो शिकवून टाका.

आता मूळ मुद्दा. तुम्ही खताबद्दल विचारताय, पण इथे खताचा संबंधच नाही. तुमच्या कुंडीतलं झाड आणि मनालीचं झाड ही दोन वेगळी झाडं आहेत. मनालीला तुम्ही खाल्लं ते फ्रॅगेरिया, म्हणजे खरी रानस्ट्रॉबेरी. दोन्ही गुलाबाच्या कुळातली, दोघींना तीन पर्णिकांचं पान, दोघी जमिनीलगत रनर, म्हणजे सांध्यांवर नवी रोपं धरणारे आडवे वेल, सोडत पसरतात, दोघींच्या फुलाला पाच पाकळ्या आणि दोघींचं फळ लाल. त्यात हिमालयाच्या मधल्या उंचीवर दोघी शेजारीशेजारीही उगवतात. चांगले अनुभवी ट्रेकरसुद्धा तिथे गोंधळतात, मग कुंडी विकणाऱ्याला काय दोष द्यायचा?

गोंधळ होतो कारण आपण फळापासून सुरुवात करतो. ओळख पटवायची असेल तर मी विद्यार्थ्यांना उलट्या क्रमाने जायला सांगते: आधी फूल, मग फुलाची पाठ, मग फुलाचा देठ कुठून निघालाय ते, मग पान आणि सगळ्यात शेवटी फळ.

फुलाचा रंग सोपा आहे. खऱ्या रानस्ट्रॉबेरीचं फूल पांढरं असतं, फार तर एखाद्या जातीत पिवळसर झाक. चक्क हळदीसारखं पिवळं फूल दिसलं की ती फ्रॅगेरिया नाही, इतकं तिथेच ठरतं. उलट बाजूने मात्र घाई करू नका. पांढऱ्या, पाच पाकळ्यांच्या फुलांची गुलाबकुळातली इतर झाडंही असतात, त्यामुळे ‘पांढरं म्हणजे स्ट्रॉबेरीच’ असं होत नाही. नर्सरीत गुलाबी फुलांची स्ट्रॉबेरीही मिळते. ती मुद्दाम केलेल्या संकरातून आली आहे, तिच्याकडे पुढे येते.

पण पाकळ्या दोन-चार दिवसांत गळतात, आणि डोंगरात आपण पोचतो तेव्हा बहुतेक वेळा नुसतं फळच समोर असतं. मग काय करायचं? फूल किंवा फळ हलकेच उलटं करून पाठ बघायची. माझ्या मते या दोघींमधली सगळ्यात भरवशाची खूण तिथे आहे आणि लोक नेमकी तीच बघत नाहीत. पाकळ्यांच्या मागे पाच हिरवी निदलं असतात. या दोन्ही झाडांत त्या निदलांच्याही बाहेर आणखी पाच हिरव्या पानोळ्यांचं एक कडं असतं. त्याला उपनिदलं म्हणू. खऱ्या स्ट्रॉबेरीत ही उपनिदलं अरुंद, टोकदार आणि सहसा साध्या कडेची असतात. निदलांच्या मधून डोकावतात, पण नजरेत भरत नाहीत. पोटेंटिला इंडिकात ती रुंद, पानासारखी आणि निदलांपेक्षा मोठी असतात, आणि त्यांच्या टोकाला तीन, कधी जास्तही, ठळक दाते असतात. फळ पिकलं तरी हे कडं गळत नाही. लाल फळाखाली दातेरी हिरवी झालर पसरलेली दिसते. तुमच्या तिसऱ्या फोटोत फळ थोडं कललंय, तिथे ती स्पष्ट आहे. मोठं करून पाहा.

आता देठ. रानस्ट्रॉबेरीत रोपाच्या मधल्या गड्ड्यातून एक दांडा वर येतो आणि त्याला फाटे फुटून अनेक फुलं लागतात, जशी मामांच्या शेतात घोसाने दिसतात. फळ भरलं की दांडा वाकतो आणि फळं खाली लोंबतात. पोटेंटिला इंडिकात एका देठावर एकच फूल, आणि तो देठ बहुधा रनरच्या सांध्यावरून, पानाच्या बगलेतून निघतो. फळ छोटं आणि हलकं असल्यामुळे ते शेवटपर्यंत वर तोंड करून उभं राहतं. टांगत्या कुंडीत ती इतकी शोभते ती त्यामुळेच.

पानांवर मी फारसा विश्वास ठेवत नाही. पुस्तकी फरक आहेत. फ्रॅगेरियाच्या पर्णिकेवर समांतर शिरा खोल उमटतात, पान खालून रेशमी, फिकट असतं आणि कडेचे दाते टोकदार असतात. पोटेंटिला इंडिकाचं पान गडद हिरवं आणि दाते जरा बोथट. पण सावली, वय, पाणी यांनी पान इतकं बदलतं की नुसत्या पानाच्या फोटोवरून मी कोणाला ठाम उत्तर देत नाही.

फळात एक फसवी खूण आहे. ‘बिया वर आलेल्या असतील तर ती नकली’ असं बरेच जण सांगतात. बाजारातल्या स्ट्रॉबेरीशी तुलना केली तर ते खरं वाटतं, कारण तिच्या बिया गरात रुतलेल्या असतात. पण फ्रॅगेरिया व्हेस्का या रानस्ट्रॉबेरीच्या जातीच्या बियाही पृष्ठभागावर उठून दिसतात. तेव्हा रंग पाहा. पोटेंटिला इंडिकाच्या बियासुद्धा लाल असतात आणि फळ गोल, मण्यासारखं, बाहेरून खडबडीत दिसतं. रानस्ट्रॉबेरीच्या बिया पिवळट-तपकिरी आणि फळ बहुधा निमुळतं. मग फळ चिमटीत दाबा आणि वास घ्या. रानस्ट्रॉबेरी दाबली की बोटांना वास राहतो. तुमच्या कुंडीतल्या फळाला वास येणारच नाही.

इथवरचं दोन वाक्यांत: पिवळं फूल, मागे दातेरी मोठी उपनिदलं, एका देठावर एक उभं फळ आणि वास नाही, तर पोटेंटिला इंडिका. पांढरी फुलं घोसात, मागची उपनिदलं अरुंद आणि वास भरपूर, तर फ्रॅगेरिया.

या साम्याने जुने वनस्पतिशास्त्रज्ञही चकले होते, म्हणून नावांचा प्रवास सांगते. १८०७ साली हेन्री अँड्र्यूज यांनी भारतातून गेलेल्या या झाडाचं वर्णन केलं तेव्हा त्याला स्ट्रॉबेरीच्याच प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, घातलं, फ्रॅगेरिया इंडिका म्हणून. लाल रसरशीत फळ पाहून दुसरं काय करणार? १८११ मध्ये जेम्स एडवर्ड स्मिथ यांनी तिला वेगळं काढलं आणि डुशेनिया ही नवी प्रजाती केली. हे नाव आंत्वान निकोला ड्यूशेन या फ्रेंच अभ्यासकावरून दिलं. आपण आज खातो ती मोठी स्ट्रॉबेरी म्हणजे चिलीच्या आणि उत्तर अमेरिकेच्या दोन रानजातींचा संकर आहे, हे ओळखणारा तोच, १७६६ साली. पुढे १९०४ मध्ये थिओडोर वोल्फ यांनी ती पोटेंटिलात नेली, आणि डीएनएच्या आधुनिक अभ्यासानेही तिची जागा पोटेंटिलांमध्येच दाखवली. त्यामुळे जुन्या पुस्तकात डुशेनिया आणि नव्यात पोटेंटिला असं दिसलं तर दोन झाडं समजू नका.

गोडीचं कोडं इथेच सुटतं. स्ट्रॉबेरीचा आपण खातो तो गर खऱ्या अर्थाने फळ नसतोच. फुलाचे सगळे भाग ज्या गादीवर बसलेले असतात ते पुष्पासन फुगतं, त्याचा तो गर. खरी फळं म्हणजे वरचे बारीक दाणे, ज्यांना आपण बिया म्हणतो. हे दाणे वाढीचं संप्रेरक सोडतात आणि पुष्पासन फुगतं. दाणे काढून टाकले की त्या जागचा गर वाढत नाही, हे निच् या शास्त्रज्ञाने १९५० साली प्रयोगाने दाखवलं. म्हणून परागीभवन अर्धवट झालं की स्ट्रॉबेरी वाकडीतिकडी होते. मामांना विचारा, थंडी फार असताना आलेल्या अशा फळांचा त्यांना अनुभव असेल.

पोटेंटिलाच्या बहुतेक जातींमध्ये हे पुष्पासन फुगतच नाही. फूल सुकतं आणि कोरड्या दाण्यांचा झुबका उरतो. आपली पोटेंटिला इंडिका त्यांच्यातली अपवाद. तिचं पुष्पासन फुगतं आणि लालही होतं, पण आतून पांढरं, भुसभुशीत राहतं. त्यात साखर थोडी, आणि स्ट्रॉबेरीचा सुगंध ज्या द्रव्यांनी येतो ती जवळजवळ नाहीत. पाखरांना बोलवायला लाल रंग पुरतो, तेवढा तिने कमावलाय. म्हणजे दोघींचं लाल फळ हे एकाच आजीकडून दागिन्यासारखं वारशाने आलेलं नाही. दोन वेगळ्या घराण्यांत ते स्वतंत्रपणे घडलंय. त्यामुळे शेणखत, गांडूळखत, पोटॅश, गुळाचं पाणी, काहीही दिलंत तरी तिच्यात गोडी येणार नाही. नत्र वाढवलंत तर नुसता पाला माजेल आणि फळंही कमी होतील.

नाशिकच्या उन्हाचा भाग मात्र थोडा खरा आहे, फक्त तो खऱ्या स्ट्रॉबेरीला लागू पडतो. दिवसाचं आणि मुख्यतः रात्रीचं तापमान वाढलं की फळ घाईने पिकतं, लहान राहतं आणि आंबट-पाणचट होतं. सुरगाण्याच्या घाटात जानेवारीतलं फळ आणि मार्च अखेरचं फळ एकाच रोपाचं असून चवीला वेगळं लागतं ते यामुळे.

मनालीची नेमकी कोणती जात होती, हे मी तुमच्या वर्णनावरून ठरवणार नाही. हिमालयात साधारण १,६०० ते ४,००० मीटरपर्यंत फ्रॅगेरिया न्युबिकोला सर्वत्र आढळते, त्यामुळे बहुधा तीच. फ्रॅगेरिया व्हेस्का तिची अगदी जवळची. न्युबिकोलात पिकल्या फळाला निदलं चिकटून राहतात आणि फुलाच्या देठावरची लव देठाला टेकलेली असते. व्हेस्कात निदलं फळापासून दूर फाकतात. पुन्हा गेलात तर फळाची पाठ आणि देठ दोन्हींचे जवळून फोटो काढा. रोप उपटून आणू नका, एवढी कळकळीची विनंती. इथल्या एप्रिलमध्ये ते तगत नाही आणि तिथलं मात्र कमी होतं.

आता मामांचं शेत. संकराची भीती काढून टाका. रानातल्या व्हेस्काच्या पेशीत १४ गुणसूत्रं असतात, शेतातल्या स्ट्रॉबेरीत ५६ आणि पोटेंटिला इंडिकात ८४. प्रजातीच वेगळी, त्यात गुणसूत्रांची ही तफावत. मधमाशीने पराग इकडून तिकडे नेला तरी त्यातून धडपणे काही निघत नाही. वर म्हटलेली गुलाबी फुलांची स्ट्रॉबेरी पोटेंटिलाच्या एका दलदलीतल्या नातेवाइकाशी, कोमारमशी, संकर करून काढली आहे. पण तो संकर माणसाने हाताने घडवला आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या निवड करत टिकवला. कोमारम हे फ्रॅगेरियाला पोटेंटिला इंडिकापेक्षाही जवळचं. शिवाय आपण खातो तो गर आईच्या रोपाचा असतो. परका पराग लागलाच तर फरक बीमध्ये पडेल, या हंगामाच्या फळाच्या चवीत नाही.

तरीही बांधावर लावू नका, आणि याबद्दल मी ठाम आहे. खरा धोका रनरचा आहे. पोटेंटिला इंडिका सांध्यासांध्याला मुळं धरत जाते. युरोप-अमेरिकेत ती बागेतून निसटून हिरवळींमधलं तण होऊन बसली आहे. आपल्याकडे स्ट्रॉबेरीची रोपं मातृवाफ्यावर, म्हणजे रनरपासून नवी रोपं तयार करायच्या वाफ्यावर, पावसाळ्यात वाढवतात, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लागण होते. त्या वाफ्यात ही शिरली तर फूल येईपर्यंत कोणाला कळणारच नाही, कारण कोवळी रोपं घाईत सारखीच दिसतात. मजूर रनर सोडवून जुड्या बांधतात तेव्हा पान न पान तपासत बसत नाहीत. मग डिसेंबरमध्ये ओळीत मधूनच पिवळी फुलं दिसतात आणि तोवर मल्चिंग, ठिबक, मजुरी सगळा खर्च झालेला असतो. दुसरं असं की, फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत लाल कोळी ही पानांचा रस शोषणारी बारीक कीड वाढते तेव्हा बांधावरचं असं नातलग झाड तिला आयता आसरा ठरतं. पीक काढून झालं तरी बांधावर ती टिकते. मामांच्या वाफ्यात एखादं शंकास्पद रोप आधीच असेल तर त्याला एक फूल येऊ द्या, पाठ पाहा आणि पिवळं निघालं तर मुळासकट, रनरच्या प्रत्येक तुकड्यासकट काढा. नुसतं वरून खुरपलं तर पुन्हा येतं.

कुंडी फेकायची मात्र गरज नाही. शोभेसाठी ती उत्तम आहे. माझ्या गच्चीत पूर्वेकडच्या कठड्याला ती वर्षानुवर्षं आहे. सकाळचं ऊन, दुपारी सावली, माती ओलसर पण पाणी साचू न देणारी, एवढ्यावर ती उन्हाळा काढते. मे महिन्यात पानं करपली तर कात्रीने कापून टाका, पहिल्या पावसाला नवी फुटतात. रनर खालच्या कुंड्यांत उतरू देऊ नका.

आणि मुलीला खरी रानस्ट्रॉबेरी दाखवायची असेल तर फ्रॅगेरिया व्हेस्काचं ‘अल्पाइन’ म्हणून मिळणारं बी घ्या. हे प्रकार बहुतेक रनर सोडत नाहीत आणि थंडीत कुंडीत फळ देतात. नाशिकमध्ये किती जमेल ते तुमच्या गॅलरीवर अवलंबून आहे. पश्चिमेला तोंड असेल तर मी नको म्हणेन. बी ओलसर कागदात गुंडाळून दोन-तीन आठवडे फ्रिजमध्ये ठेवा, गणपती उठल्यावर पेरा. वर माती टाकू नका, उजेडात उगवतं. उगवायला वेळ लागतो, महिनाभर तरी धीर धरा. काळी माती अजिबात नको. लाल माती, कोकोपीट आणि चाळलेलं कंपोस्ट चालेल. बोअरचं पाणी क्षारयुक्त असेल तर पानांच्या कडा जळतात, कारण स्ट्रॉबेरी क्षार सोसत नाही. म्हणून नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी द्या. जानेवारी-फेब्रुवारीत नखाएवढी फळं येतील, मोजकीच. ती पूर्ण लाल होऊन देठापासून सहज सुटेपर्यंत तोडू नका, वास त्या शेवटच्या दोन दिवसांत भरतो. मार्चपासून कुंड्या दाट सावलीत हलवा, आणि मेअखेर त्यातली निम्मी रोपं गेली तरी बाकीच्यांचं बी पुढच्या पेरणीसाठी आधीच काढून ठेवलेलं असू द्या.